गुणांची यादी आणि बावीस मुली

'मुलींच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या तरुण कार्यकर्तीचे नेतृत्वगुण' हा विषय महाविद्यालयीन निबंधस्पर्धांतून आणि वक्तृत्वस्पर्धांतून अलीकडे वारंवार दिला जातो. असे निबंध तपासण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे येते. पंचवीस निबंध वाचावेत तर एकच निबंध पंचवीस हस्ताक्षरांत वाचल्यासारखे होते. धैर्य, चिकाटी, आत्मविश्वास, दूरदृष्टी, प्रभावी वक्तृत्व, त्याग असे सहा गुण, प्रत्येक गुणाला एक परिच्छेद, उदाहरणाला सावित्रीबाई किंवा मलाला, आणि शेवटी 'आपणही हे गुण अंगी बाणवूया'. दोष विद्यार्थ्यांचा नाही. आम्ही शिक्षकांनी, आमच्या स्मरणिकांनी आणि जयंतीच्या व्यासपीठांनी त्यांना हाच साचा दिलेला आहे. हा साचा तपासून पाहण्याची वेळ आली आहे असे मला वाटते, आणि तो तपासण्यासाठी कामठीपासून फार दूर जावे लागत नाही.

प्रथम 'गुण' या शब्दाविषयी. नेत्याच्या अंगी काही विशेष गुण उपजत असतात आणि त्या गुणांमुळे तो नेता होतो, ही कल्पना वरवर निरुपद्रवी वाटते. परंतु आपल्या समाजात या कल्पनेला इतिहास आहे. चातुर्वर्ण्य जन्मावर नसून गुणकर्मावर आधारलेले आहे, असे म्हणणाऱ्या सुधारकांचा समाचार बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात घेतला आहे. गुणावरून माणसांची प्रतवारी लावायची, तर ती लावणार कोण आणि गुण प्रकट करण्याची संधी कुणाला मिळणार, हे प्रश्न त्या मांडणीत झाकलेले राहतात. नेतृत्वगुणांची यादी करणारा लेखक नकळत तीच मांडणी घरात घेतो. ज्या बाईला अक्षर शिकण्याची संधी नव्हती, तिच्यात 'प्रभावी वक्तृत्व' कुठून दिसणार? ज्या बाईला दोन वेळच्या अन्नासाठी ओझी वाहावी लागली, तिची 'दूरदृष्टी' कुणी मोजायची?

मलालाचेच उदाहरण घेऊ, कारण निबंधांत ती हमखास असते. १९९७ साली पाकिस्तानातील स्वात खोऱ्यात तिचा जन्म झाला. २००९ साली, अकरा वर्षांची असताना, तिने बीबीसी उर्दूसाठी टोपणनावाने रोजनिशी लिहिली. ९ ऑक्टोबर २०१२ रोजी शाळेच्या गाडीत तिच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आणि २०१४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. या मुलीच्या धैर्यापुढे कुणीही नम्र व्हावे. पण निबंधांत एक गोष्ट गळते. तिचे वडील मिंगोऱ्यात शाळा चालवीत होते. ती ज्या शाळेसाठी बोलत होती ती शाळा आधी अस्तित्वात होती, तिथे इतर मुली शिकत होत्या, आणि त्या दिवशी त्याच गाडीत आणखी दोन मुली जखमी झाल्या. मलालाच्या मागे एक शाळा होती. गुणांची यादी शाळा वगळते आणि मुलगी तेवढी ठेवते. मग ती मुलगी आकाशातून पडल्यासारखी दिसू लागते, आणि आपल्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला वाटते की हे आपले काम नव्हे.

आता जाईबाई चौधरींकडे येऊ. नागपूर विभागातील किती विद्यार्थ्यांना हे नाव माहीत आहे, हे प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गात विचारून पाहावे.

जाईबाईंचा जन्म १८९२ साली उमरेडचा, महार कुटुंबातला. दुष्काळामुळे कुटुंब नागपूरला आले. १९०१ साली, म्हणजे नऊ वर्षांच्या वयात, त्यांचे लग्न झाले. चौथीपर्यंतचे शिक्षण पदरात पडले. पोटासाठी त्यांनी हमाली केली. नागपूर-कामठीच्या वाटेवर डोक्यावर लोकांची ओझी वाहिली. हे अंतर १५ किलोमीटरच्या घरातले. त्या काळातली कामठी म्हणजे कन्हान नदीकाठची इंग्रजांची छावणी, १८२१ पासूनची. छावणी आली की बाजार येतो, साहेबांचे सामान येते, आणि सामान आले की ते उचलणारी डोकी लागतात. मिस ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंनी ओझे वाहणाऱ्या जाईबाईंना पाहिले, त्यांना लिहितावाचता येते हे कळल्यावर मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी दिली. पुढे शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे सवर्ण पालकांना समजले. त्यांनी शाळेवर बहिष्कार घातला आणि जाईबाईंची नोकरी सुटली. १९२२ साली त्यांनी नागपुरात, नवी वस्तीत, संत चोखामेळा मुलींची शाळा सुरू केली.

एवढाच कथाभाग भाषणांतून कसा सांगितला जातो ते लक्षात घेण्यासारखे आहे. भाषणात मिस ग्रेगरी लांबते. करुणामूर्ती गोऱ्या बाई, डोक्यावरचे ओझे, पाणावलेले डोळे, सभागृह हेलावते. नोकरी सुटण्याचा भाग एका वाक्यात येतो. आणि शाळा? 'पुढे त्यांनी स्वतःची शाळा काढली', एवढेच. म्हणजे जिथे जाईबाई कुणाच्या तरी दयेचा विषय आहेत तिथे आपण रेंगाळतो आणि जिथे त्या स्वतः कर्त्या आहेत तिथून घाईने निघून जातो. हा केवळ वक्त्यांचा आळस मानू नये. दया करणारा आणि दया घेणारा ही जोडी आपल्या कथनपरंपरेला फार ओळखीची आहे. चौथी शिकलेली, हमाली केलेली बाई संस्था काढते, हे सांगण्यासाठी परंपरेकडे तयार वाक्ये नाहीत; ती आपल्याला घडवावी लागतील.

घडवायची तर कशी? माझ्या मते सुरुवात 'धैर्य' या शब्दापासून करू नये. धैर्य होतेच, पण त्याने काहीच स्पष्ट होत नाही. नोकरी सुटलेल्या अस्पृश्य शिक्षिकेपुढे कोणते मार्ग होते ते पाहावे. पुन्हा ओझे उचलणे हा एक. घरात बसणे हा दुसरा. मिशनकडे दुसरी जागा मागणे हा तिसरा. आणि तो वाईट म्हणता येणार नाही. जाईबाईंनी चौथा मार्ग घेतला. ज्यांना तिच्या हातून शिकायचे नाही त्यांच्या मुलांच्या शाळेत पुन्हा शिरण्यासाठी विनवण्या न करता, ज्या मुलींना कुणीच शिकवत नव्हते त्यांच्याकडे ती गेली. अपमानाचे उत्तर अपमान करणाऱ्याला द्यायचे नाही, ते आपल्या वस्तीत बांधायचे, असा हा निर्णय आहे. याला मी राजकीय बुद्धी म्हणते. आणि ही बुद्धी एका रात्रीत सुचलेली नव्हती, कारण नागपुरात तिच्यासाठी जमीन तयार होती. किसन फागूजी बनसोडे यांनी १९०७ सालीच नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली होती. त्यांनी वृत्तपत्रे चालवली, गिरणी कामगारांत काम केले. त्यांच्या पत्नी तुळसाबाई यांचा त्या कामात हात होता. जाईबाई या प्रवाहातल्या. त्यांना या प्रवाहातून उचलून एकट्या चबुतऱ्यावर बसवले तर त्यांचा गौरव होत नाही, त्यांचे काम कळेनासे होते.

शाळेच्या नावाविषयी इथेच एक गोष्ट नोंदवायला हवी. १९२२ साली अस्पृश्य मुलींच्या शाळेला चोखामेळ्याचे नाव देणे स्वाभाविक होते. नागपूर-विदर्भातल्या महार जागृतीच्या पहिल्या पिढीने चोखामेळा हे आपल्या स्वाभिमानाचे चिन्ह मानले. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर आणि विशेषतः १९५६ च्या धर्मांतरानंतर ते चिन्ह आपण खाली ठेवले, आणि ते योग्यच केले. मंदिराच्या पायरीशी थांबलेला संत हा पुढच्या पिढीचा आदर्श होऊ शकत नव्हता. बनसोडे स्वतः धर्मांतराच्या प्रश्नावर बाबासाहेबांपासून दूर गेले. पण चिन्ह खाली ठेवताना त्या चिन्हाखाली झालेले कामही आपण खाली ठेवले, असा माझा समज आहे. जाईबाईंविषयीच्या मौनाचे हे एक कारण असावे. शाळेच्या पाटीवर कुणाचे नाव आहे यावरून आपण शाळेतल्या मुली मोजायच्या की नाही ते ठरवले. चळवळीने आपल्या इतिहासाशी वागण्याची ही रीत घातक आहे.

जाईबाईंच्या आयुष्यातला दुसरा प्रसंग १९३७ चा. त्या वर्षी अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपूरला भरले. अध्यक्षस्थानी राजकुमारी अमृत कौर होत्या. स्त्रियांच्या उद्धाराची चर्चा करण्यासाठी जमलेल्या या परिषदेत जेवणाच्या वेळी जाईबाई आणि त्यांच्यासोबतच्या अस्पृश्य स्त्रियांना वेगळे बसवण्यात आले. पंधरा वर्षे शाळा चालवलेली बाई! १९३८ च्या सुरुवातीलाच नागपुरात दलित स्त्रियांनी सभा घेऊन या वागणुकीचा जाहीर निषेध केला. दोन प्रसंगांत पंधरा वर्षांचे अंतर आहे आणि जात तीच आहे. पहिल्या वेळी पालक होते, दुसऱ्या वेळी सुशिक्षित, पुरोगामी भगिनी. पण जाईबाईंच्या बाजूने काय बदलले होते ते पाहा. पहिल्या अपमानाच्या वेळी त्या एकट्या होत्या. दुसऱ्या अपमानाच्या वेळी सभा भरवू शकेल असा स्त्रियांचा समूह नागपुरात उभा होता. हा फरक कुणाच्या अंगच्या गुणाने पडलेला नाही. मधली पंधरा वर्षे शाळा रोज उघडली, तिने आणि तिच्यासारख्या कामांनी हा फरक पाडला.

१९४२ च्या जुलैत नागपूरलाच अखिल भारतीय दलित वर्ग परिषद झाली आणि २० जुलैला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. वीस-पंचवीस हजार स्त्रिया आल्या होत्या असे सांगितले जाते. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीकत्वाला विरोध, मुलींसाठी वसतिगृहे, कामगार स्त्रियांना रजा, असे ठराव त्या परिषदेने केले. आपले लेखक या परिषदेचे वर्णन करताना बाबासाहेबांच्या उपस्थितीने थबकतात, आणि ते समजण्यासारखे आहे. पण घटस्फोटाच्या ठरावाला हात वर करणारी स्त्री कुठून आली, हा प्रश्नही विचारला पाहिजे. १९२२ साली आठ वर्षांची असलेली मुलगी १९४२ साली अठ्ठावीस वर्षांची होते. इतका साधा हिशेब आहे.

या शाळेचे आतून दिसणारे चित्र हवे असेल तर कौसल्या बैसंत्री यांचे 'दोहरा अभिशाप' वाचावे. मातृभाषा मराठी असलेल्या, नागपूरच्या खलाशी लाईनमध्ये वाढलेल्या या लेखिकेने आपले आत्मकथन हिंदीत लिहिले आणि ते १९९९ साली प्रसिद्ध झाले. बहुधा त्यामुळेच मराठी समीक्षेने त्याच्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. त्यात जाईबाई येतात त्या थोड्या जागेत, आणि कुठल्याही गुणांच्या यादीशिवाय येतात. त्या वस्तीत येतात, घरोघर जातात, आईबापांना सांगतात की मुलींना शाळेत घाला. एम्प्रेस मिलमध्ये राबणारी लेखिकेची आई ते ऐकते आणि आपल्या मुलींना शिकवायचे ठरवते. मग वस्तीची टवाळी, फीची ओढाताण, सवर्ण मुलींच्या शाळेत जात लपवण्याची धडपड हे सगळे ओघाने येते आणि त्या सगळ्यातून ही आई मागे हटत नाही.

मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. वाङ्मयीन दृष्टीने पाहिले तरी त्यात मोठे शहाणपण आहे. लेखिका जाईबाईंना उंच करीत नाही. ती त्यांना दारात उभी करते. दारात उभी असलेली बाई आणि उंबऱ्याच्या आत उभी असलेली आई यांच्यातल्या बोलण्यातून एका मुलीचे आयुष्य फिरते. नेतृत्व इथे एका व्यक्तीत साठलेले नाही. ते दोन बायकांच्या मध्ये घडते. जाईबाईंनी हजार दारे ठोठावली असतील, पण एखाद्या आईने आतून कडी काढलीच नसती तर शाळा रिकामी राहिली असती. त्या आईला आपण नेत्या म्हणत नाही. तिच्यावर निबंध लिहून घेत नाही. लेखिकेने मात्र आपल्या पुस्तकाचा मोठा भाग तिलाच दिला आहे, आणि मला तो निवाडा बरोबर वाटतो.

आपल्या मराठी दलित आत्मकथनांतली आई इथे आठवते. 'बलुतं' १९७८ चे, 'उपरा' १९८० चे. या आणि नंतरच्या कितीतरी पुस्तकांनी मराठी साहित्याचा चेहरा बदलला, हे मी पुन्हा सांगण्याची गरज नाही. पण आमच्या बहुसंख्य पुरुष लेखकांच्या लेखनात आई सोसते, राबते, उपाशी राहून मुलाला शिकवते. ती सभा घेते, दार ठोठावते, शेजारणीला समजावते असे चित्र क्वचितच भेटते. ते पाहायला कुमुद पावडे, मुक्ता सर्वगोड, बेबी कांबळे, शांताबाई दाणी यांच्याकडे जावे लागते. आणि चळवळीतल्या स्त्रियांना स्वतःच्या नावाने बोलू देणारे 'आम्हीही इतिहास घडवला' हे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे पुस्तक यायला १९८९ साल उजाडले. त्या दोघींनी गावोगाव, वस्त्यावस्त्यांत फिरून वृद्ध कार्यकर्त्या बायका शोधल्या, त्यांना बोलते केले. या पुस्तकातील जीवनपट फार आटोपशीर आहेत. एखादी बाई डोळ्यांपुढे उभी राहते न राहते तोच पुढची येते, अशी माझी तक्रार आहे. तरीही जाईबाईंविषयी आज आपण जे बोलतो त्यातले बरेचसे त्या दोघींच्या पायपिटीवर उभे आहे, हे बोलताना सांगायला काय हरकत आहे?

आता कामठी. आमच्या गावाचा नेता म्हणजे बाबू हरदास एल. एन. जन्म ६ जानेवारी १९०४, मृत्यू १२ जानेवारी १९३९. पस्तिशी गाठताच क्षयाने गेलेला हा तरुण. 'जय भीम' या अभिवादनाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. १९३२ च्या मे महिन्यात कामठीला दलित काँग्रेसचे अधिवेशन झाले त्याचे स्वागताध्यक्ष ते होते, १९३७ साली ते मध्यप्रांत-वऱ्हाड विधिमंडळावर निवडून गेले, विडी कामगारांची संघटना त्यांनी बांधली. हे सर्व आमच्याकडे लहान मुलालाही पाठ असते. परंतु त्यांच्या चरित्रात एक ओळ आहे, तिच्यावर कुणी थांबत नाही. १९२७ साली त्यांनी कामठीत रात्रशाळा काढली. एका वेळी तिथे ८६ मुलगे आणि २२ मुली शिकत होत्या. त्याच सुमारास त्यांनी संत चोखामेळा वाचनालयही सुरू केले. तेव्हा हरदास तेवीस वर्षांचे होते.

२२ मुली हा आकडा लहान वाटेल. एकूण १०८ मध्ये पाचवा हिस्सा. पण ही रात्रशाळा आहे हे विसरू नये. १९२७ सालच्या कामठीत, छावणीच्या गावात, अंधार पडल्यावर महाराची मुलगी घराबाहेर पडते आणि शाळेत जाऊन बसते. तिला पाठवताना घरात काय बोलणे झाले असेल? तिला नेऊन आणत कोण होते? रात्रीच का, तर दिवसा हातांना काम होते म्हणून. विडीच्या गावात दिवसाचे काम म्हणजे काय असते हे मला सांगावे लागणार नाही. माझी आई मला शाळेत पाठवून स्वतः सुपात तेंदूपत्ता घेऊन बसायची आणि माझे पाठांतर ऐकत विड्या वळायची. घरातली पहिली पदवी तिच्या बोटांची आहे. तेवीस वर्षांच्या तरुणाने शाळेची वेळ या मुलींच्या हातांना सवड कधी होते ते पाहून ठरवली असेल, तर ते त्याचे खरे नेतृत्व. आणि त्या बावीस घरांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, ती त्या घरांचीही कर्तबगारी. 'बाबू हरदासांना स्त्रीशिक्षणाची तळमळ होती' असे एक वाक्य लिहून आपण हे सगळे मिटवून टाकतो.

आमच्या तरुण कार्यकर्त्यांवर या लेखनपद्धतीचा परिणाम काय होतो, ते मी रोज पाहते. वर्गातली चुणचुणीत मुलगी व्यासपीठावर बोलायला शिकते, आणि ते चांगलेच आहे. आमच्या मुलींना माईकसमोर उभे राहू देणेही काल-परवाचे आहे. पण बोलून झाले की काम संपले असे तिला वाटते, कारण तिने वाचलेल्या प्रत्येक चरित्रात भाषणे आहेत आणि दारे नाहीत. शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडला, वसतिगृहात जागा का मिळाली नाही, दहावीनंतर शेजारची मुलगी घरी का बसली, हे शोधत फिरणारी दुसरी एक मुलगी प्रत्येक वर्गात असते. ती बोलत नाही. तिच्यात 'नेतृत्वगुण' आहेत असे तिला कुणी सांगितलेले नाही, आणि पारितोषिक वितरणाच्या दिवशी ती खुर्च्या मांडत असते. जाईबाई आमच्या वर्गात आल्या असत्या तर त्यांना मी या दोघींपैकी कुणाच्या शेजारी बसवले असते?

मुक्ता साळवेचेही असेच झाले आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या या मांग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. धर्मपुस्तक वाचण्याचा अधिकार नाही तर आमचा धर्म कोणता, असा थेट सवाल तिने त्यात केला आहे. आपण त्या निबंधाचा उल्लेख 'पहिली दलित लेखिका' म्हणून करतो आणि पुढे जातो. त्यातली बाळंतीण बायकांच्या हालांची नोंद फार थोडे लोक वाचतात. शाळकरी पोरीने आपल्या वस्तीतल्या बायकांकडे डोळे उघडून पाहिल्याशिवाय ती लिहिली जात नाही.

म्हणून निबंधस्पर्धा घेणाऱ्या संस्थांना माझी एक सूचना आहे. 'नेतृत्वगुण' हा विषय काही वर्षे बाजूला ठेवावा. त्याऐवजी विद्यार्थ्यांना सांगावे की आपल्या वस्तीत पहिली मुलगी दहावीपर्यंत कुणामुळे पोहोचली ते शोधून लिहा. दार कुणी ठोठावले, कडी कुणी काढली, फी कुणी भरली, टवाळी कुणी केली. दर १२ जानेवारीला कन्हानच्या काठी बाबू हरदासांच्या स्मारकाशी माणसे जमतात, त्यांत त्या बावीस जणींच्या नाती-पणती निश्चितच असतील. माझ्या वर्गातल्या मुलींना मी यंदा वही-पेन घेऊन तिथे उभे करणार आहे. रात्रशाळेत गेलेल्या आजीची किंवा पणजीची आठवण ज्यांच्या घरात आहे त्यांनी त्यांच्याशी बोलावे, जुनी पाटी, पुस्तक, फोटो असेल तर दाखवावा. या मुली जे जमवतील ते लेखाच्या रूपाने आम्ही संपादकांकडे पाठवू.